अक्कांनी न घातलेला हार

अक्का कोणत्याही बाळंतिणीला "झालंच आता" असे कधी म्हणत नसत. माझ्या वेळी त्या माझ्या पायाशी बसल्या होत्या. सकाळचे नऊ वाजले असतील. मी तिसऱ्यांदा विचारले, "अक्का, संपलं ना?" दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, होय बाई, आता एकच कळ. अक्कांनी माझ्या पोटावर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "नाही. दुपार होणार. सगळा जोर आताच घालवलास तर दुपारी काय करतीस?" मला त्यांचा असा राग आला की त्या वेळी हातात काही असते तर मी फेकून मारले असते. मुलगी दीड वाजता झाली. तोवरचे साडेचार तास मी त्या रागाच्या बळावरच काढले, हे मला फार पुढे कळले.

मल्लेश्वरमचा उतार जिथे रेल्वेच्या रुळांपाशी संपतो, तिथे मराठी शिंप्यांची एक गल्ली होती. तिच्यातले शेवटून दुसरे घर अक्कांचे. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूल नव्हते. घराचा पुढचा अर्धा भाग त्यांनी आम्हाला दिला होता. आमच्या ह्यांना बेंगळूरच्या एका नव्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून तिकडे गेलो, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. गल्लीतली माणसे आठ-दहा पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली. त्यांची मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचे. अक्का चिडत नसत. म्हणत, "तुझी मराठी पुस्तकातली, पुण्यावाली. आमची चुलीपुढची. तुझीला वास नाही बघ." कानडी लोक त्यांना सूलगित्ती म्हणत, म्हणजे सुईण. आमच्या गल्लीत नुसते अक्का म्हटले की त्याच.

हातांच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. नखे कायम मुळापासून कापलेली. कुणाचे बोलावणे आले की माणूस दारात कितीही तडफडत असो, आधी कोपरापर्यंत हात रिठ्याने घासायच्या, कात्री उकळायच्या, मग पिशवी उचलायच्या. पिशवी घेऊन निघाल्या की वाटेत कुणी त्यांना हाक मारायची नाही, असा गल्लीचा अलिखित नियम होता. कुणी नवख्याने "कुठे निघालात?" विचारलेच, तर न थांबता म्हणत, "परत येते तेव्हा विचार."

माणसे त्यांच्या लक्षात राहायची ती जन्माच्या वेळेवरून. साठीचा म्हातारा समोरून गेला तरी म्हणत, "ह्याला माझ्या सासूबाईंनी काढलं, पायाळू." वाण्याच्या दुकानातला आडदांड गडी दिसला की, "हा निळा झाला होता. पाठीवर चापट्या मारून मारून माझा हात दुखला. आता बघ कसा गुळाची ढेप उचलतो." उताराच्या वरच्या अंगाला एक वकील राहत. त्यांचे दोन्ही मुलगे अक्कांच्याच हातावर झाले होते. म्हणून वकिलांबद्दल अक्कांचे मत पक्के होते. "ज्याच्या घरात मी गरम पाणी मागितलंय," त्या म्हणत, "तो माझ्याशी खोटं बोलायचा नाही."

आता सुशीचे सांगायला हवे. आमच्या समोरच्या घरातल्या नरसिंगअण्णांची ही बायको. नरसिंगअण्णा शिंपी, गळ्यात टेप घालून दिवसभर मशीनवर बसलेले असायचे. सुशीचे हे दुसरे बाळंतपण. मूल झाले, पण रक्त थांबेना. अक्कांनी अर्धी घटका पाहिले आणि ताडकन उठल्या. "हे माझ्या हातातलं नाही. जटका आणा. इस्पितळ." मोठे सरकारी इस्पितळ रुळांच्या पलीकडे, शहरात. सुशीला चादरीत गुंडाळून जटक्यात घातले. अक्का आत बसल्या, मांडीवर तिचे डोके. नरसिंगअण्णा पुढे घोडेवाल्याशेजारी. भर दुपारची वेळ होती. रेल्वेचे फाटक बंद होते. एक मालगाडी सावकाश गेली, मग उलट्या दिशेने नुसते इंजिन जायचे होते, म्हणून फाटक उघडेना. नरसिंगअण्णा खाली उतरून फाटकवाल्याच्या पाया पडले. फाटक उघडले तेव्हा अक्का आतून म्हणाल्या, "आता घाई नको."

सुशी फाटकापाशी गेली. मूलही आठवड्याने गेले.

तेराव्यानंतर अक्का माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातात शाळेतल्या वहीचा फाडलेला कागद होता. "पुण्यावाली, तू शिकलेली आहेस. इंग्रजीत अर्ज लिही. फाटकाच्या अलीकडे बाळंतगृह पाहिजे. मोठं नको. दोन खाटा, एक डॉक्टरीणबाई." मी लिहिला. पोच आली नाही. दुसरा लिहिला, तिसरा लिहिला. प्रत्येक अर्जाखाली गल्लीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे. चौथ्याच्या वेळी मी वैतागून म्हणाले, "अक्का, जरा मीठमिरची लावून लिहू का? पाच-सहा बायका गेल्या म्हणून?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी लेखणी खाली ठेवली. "एक गेली. एक पुरे नाही?"

अशी दोन वर्षे गेली. निवडणूक आली आणि वकील उभे राहिले. त्यांची माणसे गल्लीत येऊन सांगून गेली की साहेब इथे सभा घेणार, आणि बाळंतगृहाचे स्वतःच्या तोंडाने जाहीर करणार. गल्लीत अचानक सण असल्यासारखे झाले. कापड बेतायची दोन मोठी मेजे जोडून नरसिंगअण्णांनी व्यासपीठ तयार केले. त्यावर घालायला चार घरांतून चार सतरंज्या आल्या. बायकांनी सकाळी दारादारांत रांगोळ्या घातल्या. मोगऱ्याचा हाताएवढा जाड हार आणला, मध्ये गुलाब. तो हार कुणी घालायचा यावर वाद झालाच नाही. अक्कांनी.

सभा चारला होती. आम्ही तीनपासून बसलो. पाच झाले, साडेपाच झाले. पोरे रडायला लागली, रांगोळ्यांवरून गुरे गेली. साडेसहाच्या सुमाराला मोटार आली. वकील उतरले ते धड चालतही नव्हते. पाचव्या की सहाव्या सभेवरून आले होते. त्यांनी अक्कांना पाहिले आणि म्हणाले, "अम्मा, पाच मिनिटं बसू दे. तोंडावर पाणी मारतो."

ते आमच्या पुढच्या खोलीत बसले, कारण खुर्ची तिथेच होती. त्यांनी बूट काढले. पाय सुजले होते, घसा बसला होता. मी मुलीला कडेवर घेऊन चुलीशी कॉफी करत होते. चूल आणि खुर्ची यांच्यात चार हातांचे अंतर. अक्का त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्या कानडीत बोलत होत्या. इतक्या वर्षांत मला कानडी लिहिता आले नाही, तरी ऐकून सगळे समजत असे.

"बाळंतगृह कधी होणार?" अक्कांनी विचारले.

वकिलांनी तोंड पुसले. पंचा मांडीवर ठेवला. "अम्मा, तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही. ते होणार नाही."

अक्कांनी त्यांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिले.

"फाइल मी स्वतः पाहिली. एवढ्या जवळ मोठं इस्पितळ असताना इथे दुसरं द्यायचं नाही, असं वर ठरलंय. मी निवडून आलो तरी ते बदलणार नाही. दुसरा कुणी आला तरी नाही."

"मग आता बाहेर काय सांगणार?"

"लोक जे ऐकायला बसलेत ते." मी पुढे केलेला पेला त्यांनी घेतला आणि माझ्याकडे पाहून मान लववली. "इतका वेळ बसलेत बिचारे. रिकाम्या हाताने कसं पाठवू?"

हा माणूस वाईट नव्हता. मी त्यांना अगदी जवळून पाहिले आहे. त्यांना बोलताना त्रास होत होता आणि अक्कांपुढे त्यांना खोटे बोलवत नव्हते. त्यांच्याबद्दलचे अक्कांचे मत शेवटपर्यंत खरेच ठरले म्हणायचे.

अक्का "सरी" म्हणाल्या. बरे, एवढाच त्याचा अर्थ. मग उठून त्यांनी हात धुतले आणि बाहेर गेल्या.

सभेबद्दल काय सांगू? वकील मेजावर चढले तेव्हा कर्णा शिट्टी वाजवायला लागला. तो थांबेपर्यंत बराच वेळ गेला. मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून बोलायला सुरुवात केली आणि भलत्याच वस्तीतल्या गटारांबद्दल बोलू लागले. तिथल्या मासळीबाजाराचीही त्यांनी तारीफ केली. आमची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. एका कार्यकर्त्याने घाईघाईने दुसरी चिठ्ठी वर दिली. तिच्यावरून त्यांनी आमच्या गल्लीचे नाव वाचले, तेही चुकीचे. आवाज फाटलेला, अर्धे शब्द ऐकू येत नव्हते. साडेतीन तास वाट पाहून आम्हाला मिळाले ते हे, दहा मिनिटेसुद्धा नाही. पण शेवटी ते म्हणाले, "फाटकाच्या अलीकडे बाळंतगृह होणार, हा माझा शब्द," आणि सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. गटारे आणि मासळीबाजार लोकांनी तेवढ्यासाठी पोटात घातले. नरसिंगअण्णा टाळ्या वाजवत नव्हते. ते भिंतीला टेकून उभे होते आणि तोंडावर उपरणे धरले होते.

मग कुणीतरी ओरडले, "अक्का, हार!"

अक्का हार घेऊन मेजावर चढल्या. वकिलांनी मान खाली केली. अक्कांनी हार घातला नाही. त्या त्यांच्याकडे तोंड करून कानडीत म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कर्ण्याविनाही शेवटच्या घरापर्यंत गेला असेल, "आत जे सांगितलंत ते इथे सांगा."

वकिलांनी मान वर केली.

अक्का लोकांकडे वळल्या. "हे मला आत्ता घरात म्हणाले, बाळंतगृह होणार नाही. वर ठरलंय म्हणाले. कुणीही आला तरी होणार नाही म्हणाले."

वकील हसले. ते हसणे मला अजून आठवते, त्यात राग नव्हता. त्यांनी हात जोडले. "अम्मांचं वय झालं. माझा घसा हा असा. ऐकण्यात काहीतरी चूक झाली."

"मी एकटीनं ऐकलं नाही," अक्का म्हणाल्या. "चुलीशी पुण्यावाली होती. तिला कानडी समजतं. विचारा तिला."

शंभर-सव्वाशे माणसे माझ्याकडे वळली. मी दारात उभी होते, मुलगी कडेवर. गर्दीच्या मागे आमचे हे दिसले. कारखान्याची बस नुकतीच त्यांना सोडून गेली होती, डबा अजून हातात होता. त्यांची नोकरी कायम व्हायला चार महिने राहिले होते. राजकारणात घरच्या माणसांनीही पडायचे नाही, असे कारखान्याच्या साहेबाने सगळ्यांना बजावले होते. ह्यांनी मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत, काही नाही. नुसते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्यावर ढकलायचे तर ढकलता येईल, पण ते खरे होणार नाही.

मी म्हणाले, "मी कॉफी करत होते. मला नीट ऐकू आलं नाही."

अक्कांनी माझ्याकडे पाहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग नरसिंगअण्णा पुढे आले, मेजावर चढले आणि त्यांनी अक्कांच्या हातातून तो हार काढून घेतला. तो त्यांनी वकिलांच्या गळ्यात घातला. पुन्हा टाळ्या वाजल्या. मोटार निघून गेली.

लोक पांगत असताना नरसिंगअण्णा अक्कांजवळ आले. मला वाटले, ओरडणार. पण ते अगदी हळू बोलले. "अक्का, सुशी गेली ती निदान फुकट गेली नाही, एवढं मला वाटायला लागलं होतं. तेवढंही तुम्ही काढून घेतलंत."

अक्का मेजावरच्या सतरंज्या गोळा करू लागल्या. मी मदतीला गेले नाही. मला त्यांच्याजवळ जाववले नाही.

वकील निवडून आले. बाळंतगृह झाले नाही. साधे आहे, होणारच नव्हते. पण गल्लीने त्याचे कारण वेगळे लावले. अक्कांनी भर सभेत अपमान केला म्हणून साहेबांनी हात आखडता घेतला, असे बायका नळावर बोलू लागल्या. आधी कुजबुज होती, मग अक्का नळावर आल्या तरी बोलणे थांबेना. पुढच्या पावसाळ्यात एक मुलगी बाळंतपणात गेली. तेव्हा तिची सासू अक्कांच्या दारासमोर उभी राहून म्हणाली, "तू तोंड उघडलं नसतंस तर आज दवाखाना इथे असता." अक्का आत तांदूळ निवडत होत्या. त्या निवडत राहिल्या.

बोलावणी कमी झाली. लोक पेठेतून दुसरी सुईण आणू लागले. ती तरुण होती, हसतमुख होती आणि सगळ्यांना "झालंच आता" म्हणायची. अक्का मात्र रोज सकाळी कात्री घासून फडक्यात ठेवायच्या. ते मी पडद्याआडून पाहायची.

माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच वागत. हेच फार कठीण होते. नळाला पाणी आले की माझी घागर रांगेत लावून ठेवायच्या. मुलीला ताप आला तेव्हा दोन दिवस तिच्या उशाशी बसल्या. एकदा तरी त्यांनी विचारावे, का ग असं केलंस, म्हणून मी वाट पाहत असे. त्यांनी विचारले नाही. मी आपणहून सांगितले नाही. आमच्यात रोज बोलणे व्हायचे, भाजीचे, पाण्याचे, मुलीच्या दातांचे. त्या संध्याकाळचे कधी नाही. आमचे हे नोकरीत कायम झाले, आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत घर मिळाले. निघताना अक्कांनी मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि मला म्हणाल्या, "नवीन घरात पाणी कसं आहे ते आधी बघ."

दोनेक वर्षांनी कळले की त्यांनी गल्लीतले घर सोडले आणि आनेकलला पुतण्याकडे गेल्या. मी जाऊन यायचे म्हणत राहिले. आज नाही उद्या, मुलीची परीक्षा, पाहुणे. शेवटी एका रविवारी सकाळी एकटीच बसमध्ये बसले. घरी सांगितले, बाजारात जाते.

पुतण्याचे घर बसस्टँडच्या मागेच होते. अक्का पडवीत खाटेवर बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. पण हाक मारताच ओळखले. "पुण्यावाली! बस बस. स्वल्प सरकते मी." पुतण्याच्या सुनेने ताक दिले. तिला सातवा महिना होता. ती आत गेल्यावर अक्का म्हणाल्या, "हिला शहरात ठेवणार आहेत, शेवटचा महिनाभर. मीच सांगितलं. माझा डोळा गेला, हातही कापतो." त्यात तक्रार नव्हती. भाव सांगावा तसे सांगितले.

आम्ही तासभर बोललो. गल्लीतल्या कुणाचीही चौकशी त्यांनी केली नाही, नरसिंगअण्णांची सोडून. त्यांनी दुसरे लग्न केले नाही आणि ते हल्ली मशीनवर फारसे बसत नाहीत, हे मी सांगितले. अक्का "हं" म्हणाल्या आणि रस्त्याकडे पाहत राहिल्या.

परतीच्या बसची वेळ झाली. मी उठले, त्यांच्या पाया पडले, पण पाय निघेना. ज्यासाठी आले होते ते तसेच राहिले होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी तुझं नाव घ्यायला नको होतं मी. कडेवर लेकरू, नवऱ्याची नवी नोकरी. तुला मध्ये ओढलं, ती माझी चूक झाली."

इतक्या वर्षांत माझ्या चुकीला कुणी नाव दिले नव्हते. दिले ते त्यांनी, आणि तेही आपली म्हणून. मी त्यांचा हात धरला. नखे अजून मुळापासून कापलेली होती.

"मी ऐकलं होतं, अक्का," मी म्हणाले. "सगळं ऐकलं होतं. शब्दन् शब्द."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले.

"ते मला ठाऊक आहे ग," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगतीस?"